मुंबईचा १९३८ चा औद्योगिक कलह कायदा आणि त्यावरील दोन कौल

इसवी सन १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यांत, लागोपाठच्या दोन दिवशीं, जगाच्या दोन दूरच्या टोकांस एकाच प्रश्नावर लोकांनीं आपला कौल दिला. तारीख ७ रोजीं, सोमवारीं, मुंबई इलाख्यांतील कामगारांनीं एक दिवसाचा संप केला. ज्या कायद्याविरुद्ध तो होता त्या कायद्यानें संप करण्याचा अधिकारच आखडला जाणार होता. दुसऱ्या दिवशीं, तारीख ८ रोजीं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉन, वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या तीन संस्थानांतील मतदारांनीं संप, पिकेटिंग व बहिष्कार यांस निर्बंध घालणाऱ्या कायद्यांच्या मसुद्यांवर प्रत्यक्ष मतदान केलें. या दोन घटनांचा परस्परांशीं कोणताही संबंध नव्हता, आणि परळच्या चाळींतील कामगारास ऑरेगॉनचें नांवही ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तथापि त्या एकमेकींशेजारीं ठेवून पाहिल्या असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. तेथें कायदा ज्यांच्यावर पडणार होता त्यांनाही चिठ्ठी टाकून मत देतां आलें. येथें तें मत देण्यासाठीं माग बंद ठेवण्यावांचून दुसरा मार्ग नव्हता. मुंबईच्या या कायद्याचा उगम, त्यावरील वाद आणि त्याचा पुढील वंशविस्तार यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विषय मुंबईचा असला तरी त्याचे धागे नागपुराशीं वारंवार येऊन मिळतात. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी नागपुरांत १ जानेवारी १८७७ रोजीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीनें हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरविली त्याच दिवशीं, सुरू झाली. गिरणीचें नांवही त्यावरूनच पडलें. आणि त्याच वर्षीं मजुरीच्या दरावरून तेथें संप झाला. हिंदुस्थानांतील गिरण्यांच्या ज्या अगदीं पहिल्या संपांची नोंद मिळते त्यांत याची गणना होते. गिरणी आणि संप एकाच वर्षीं जन्मास यावेत ही गोष्ट मौजेची खरी, परंतु ती आकस्मिक मात्र नव्हे. घड्याळाच्या ठोक्यावर मजुरी विकण्याची रीत आली तेव्हांच ती न विकण्याची रीतही आली.

सरकारच्या दृष्टीनें काम सोडणें ही गोष्ट त्या काळीं कशी दिसत होती हें १८५९ च्या तेराव्या कायद्यावरून कळतें. कामासाठीं उचल घेतलेल्या कारागिरानें किंवा मजुरानें काम केलें नाहीं, तर मॅजिस्ट्रेटनें त्यास उचल परत करण्याचा अथवा काम पुरें करण्याचा हुकूम द्यावा, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेंत टाकावें, असा तो कायदा होता. दोन सावकारांमधील करार मोडला तर दिवाणी दावा, आणि मजुरानें करार मोडला तर तुरुंग, हा त्यांतील भेद उघड आहे. हा कायदा १९२५ सालीं रद्द ठरविण्यांत आला. पाठोपाठ १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानें नोंदलेल्या संघांस कारस्थानाच्या आरोपापासून व नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून बरेंच संरक्षण दिलें. काम नाकारणें हा गुन्हा नव्हे, हें तत्त्व येथें मान्य झालें असें वाटावें, तों तीन वर्षांत चक्र उलट फिरूं लागलें.

त्याचें कारण १९२८ चा मुंबईचा गिरणी संप. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, सुमारें दीड लाख कामगार कामावर नव्हते. या संपांतूनच गिरणी कामगार युनियनचा उदय झाला. मध्यवर्ती सरकारनें आणलेलें व्यापारी कलहांचें बिल दिल्लीच्या असेंब्लींत ८ एप्रिल १९२९ रोजीं मंजूर झालें. त्यावरील मतांची मोजणी जाहीर होते न होते तोंच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं सभागृहांत बाँब टाकले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु बाँबच्या आवाजांत बिल मात्र विसरलें गेलें. सार्वजनिक सोयीच्या धंद्यांत पूर्वसूचनेवांचून संप करणें, तसेंच धंद्याबाहेरील हेतूनें समाजास जाच होईल असा संप करणें, या कायद्यानें बेकायदा ठरलें. पुढें १९३२ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीच्या ७ व्या कलमानें पिकेटिंग हा गुन्हा झाला. तें कलम सविनय कायदेभंगाच्या चळवळींत विलायती कापडाच्या व दारूच्या दुकानांवर पहारा करणाऱ्या काँग्रेसच्या स्वयंसेवकांसाठीं घडविलेलें होतें. तेंच कलम १९३८ सालीं मद्रासेंत राजगोपालाचारी यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें हिंदीविरोधी चळवळीवर वापरलें. हत्यार घडविणारा एक आणि चालविणारा दुसरा, असा प्रकार या विषयांत पुन्हा पुन्हा दृष्टीस पडतो.

नागपुराचा दुसरा धागा येथेंच लागतो. नोव्हेंबर १९२९ च्या अखेरीस पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल हिंदी ट्रेड युनियन काँग्रेसचें अधिवेशन नागपुरांत भरलें. रॉयल कमिशनवर बहिष्कार घालावा कीं नाहीं यावरून त्यांत फूट पडली व नारायण मल्हार जोशी आपल्या अनुयायांसह बाहेर पडले. पुढील सुमारें साडेआठ वर्षें कामगारांचे संघ दुभंगलेलेच राहिले. ती फूट भरून निघाली तीही नागपुरांतच. एप्रिल १९३८ मध्यें दोन्ही पक्ष नागपुरीं एकत्र आले, आणि समेटाच्या अटींत एक अट अशी होती कीं, राजकीय प्रश्न व संप यांविषयींचे निर्णय तीनचतुर्थांश बहुमतानेंच व्हावेत. संप हांकण्यापूर्वीं आपसांत मतें मोजण्याची ही कडक रीत कामगारांच्या पुढाऱ्यांनीं स्वतः होऊन पत्करली होती. मुंबईचें बिल त्यानंतर पांचच महिन्यांनीं आलें हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

बाळ गंगाधर खेर यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईंत काँग्रेसचें मंत्रिमंडळ जुलै १९३७ मध्यें अधिकारारूढ झालें. कन्हैयालाल मुनशी हे गृहमंत्री होते आणि मजूरखात्याचें काम पार्लमेंटरी सेक्रेटरी या नात्यानें गुलझारीलाल नंदा पाहत. नंदा हे अहमदाबादच्या मजूर महाजनाचे चिटणीस. गांधीजींच्या सल्ल्यानें वाढलेल्या त्या संस्थेंत मालक व मजूर यांचा तंटा पंचांपुढें नेण्याची परंपरा होती. या मंत्रिमंडळास कामगारांविषयीं आस्था नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. अधिकारावर येतांच त्यानें कापड धंद्यांतील मजुरीच्या चौकशीसाठीं समिति नेमली. तिच्यांत जयरामदास दौलतराम, वैकुंठभाई मेहता यांच्याबरोबर आपले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हेही होते. त्या समितीनें १९३८ च्या आरंभीं पगारवाढीची शिफारस केली व ती अंमलांतही आली. पगार वाढविणारें सरकारच त्याच वर्षीं संपास आळा घालणारें बिल आणतें, यांत त्या सरकारला विसंगति दिसली नाहीं. अहमदाबादच्या दृष्टीनें पाहिलें तर ती नव्हतीही.

२ सप्टेंबर १९३८ रोजीं बिल मांडण्यांत आलें. त्याचा मतितार्थ असा : मजुरी, कामाचे तास वगैरेंत फेरफार करावयाचा असल्यास ज्यानें तो करावयाचा त्यानें आगाऊ नोटीस द्यावी, मग तडजोडीची ठरीव कार्यवाही व्हावी, ती पुरी होण्यापूर्वीं केलेला संप अगर टाळेबंदी बेकायदा समजावी. बेकायदा संपाच्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती; १९२९ च्या कायद्यांत हीच मुदत तीन महिन्यांची होती. यांखेरीज युनियनांच्या नोंदणीचे नवे नियम होते. मालकाची मान्यता असलेल्या संघास नोंदणी सुलभ, व नसलेल्यास कठीण, अशी त्यांची रचना होती. पंडित नेहरूंना बिल एकंदरींत चांगलें वाटलें, तरी नोंदणीचा हा भाग त्यांनाही पसंत पडला नाहीं.

सरकारी पक्षाचें म्हणणें सहज झिडकारण्याजोगें नव्हतें. १९२८ चा संप संपला तेव्हां मजुराच्या घरीं काय उरलें होतें? वाण्याची उधारी आणि पठाणाचें व्याज. संपाचा पहिला मार बायकापोरांवर बसतो, आणि बोलणीं करूनच जो तंटा मिटावयाचा तो सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर मिटविण्यांत शहाणपण कोणतें, हा प्रश्न खरा होता. परंतु तडजोडीची सक्ती दोन्ही पक्षांवर सारखी दिसली तरी तिचा परिणाम सारखा होत नाहीं. थांबण्यांत मालकाचें फारसें जात नाहीं. माल वखारींत पडून राहिला तरी त्याची किंमत उभीच असते. कामगाराजवळ साठविण्याजोगें कांहींच नसतें. संपाचा जोर तो अचानक होण्यांत असतो. त्याची तारीख महिना दोन महिने आधीं जाहीर करावयास लाविली, म्हणजे मालकास वखार भरून घेण्याची सवड मिळते.

असेंब्लींत या बिलावर सर्वांत मूलगामी हल्ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १५ सप्टेंबर रोजींच्या भाषणांत केला. त्यांनीं आंकडेवारीच्या वादांत न शिरतां प्रथम व्याख्याच हातीं घेतली. संप म्हणजे काय? नोकरीचा करार मोडणें, याहून अधिक कांहीं नाहीं. करारभंग ही दिवाणी बाब आहे. तिचें पारिपत्य नुकसानभरपाईनें व्हावें. तिला गुन्हा ठरवून शिक्षा ठेवणें म्हणजे मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध चाकरी करावयास लावणें, आणि यालाच गुलामगिरी म्हणतात. संपाचा हक्क हें स्वातंत्र्याच्या हक्काचेंच दुसरें नांव होय. जें स्वातंत्र्य देशासाठीं मागतां तें मजुरास नाकारतां कसें, असा त्यांचा काँग्रेस पक्षास सवाल होता. या कायद्यास कामगारांचें नागरिक स्वातंत्र्य तहकूब करणारा कायदा असें नांव द्यावें, असेंही त्यांनीं सुचविलें. वर सांगितलेला १८५९ चा कायदा जिवंत असतां तर हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीनें लंगडा ठरता. तो रद्द होऊन तेरा वर्षें झालीं होतीं म्हणूनच त्यास धार आली. आमच्या मतें या वादांतील कायदेशीर बाजू आंबेडकरांनीं निर्विवादपणें जिंकली.

आंबेडकर संपाचे सरसकट पुरस्कर्ते नव्हते, हेंही येथें सांगितलें पाहिजे. १९२८-२९ च्या संपांविषयीं त्यांची वृत्ति साशंक होती व त्यास सबळ कारण होतें. सूत तोंडानें ओढावें लागतें म्हणून विणकर खात्यांत, जेथें मजुरी अधिक, तेथें अस्पृश्यांस इतर कामगार शिरूं देत नसत, आणि युनियनच्या पुढाऱ्यांनीं ही गोष्ट कधीं ऐरणीवर घेतली नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्यें मनमाड येथें रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढें बोलतांना त्यांनीं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रु सांगितले. ज्यांनीं पहिल्या शत्रूकडे काणाडोळा केला त्यांच्याच खांद्याला खांदा लावून, नऊ महिन्यांनीं ते दुसऱ्याशीं लढावयास उभे राहिले. म्हणून ७ नोव्हेंबरची एकजूट ही आपोआप जुळलेली गोष्ट मानूं नये.

आतां मतदानाकडे वळूं. १९३५ च्या कायद्याप्रमाणें मुंबईच्या असेंब्लींत १७५ जागा होत्या. त्यांपैकीं मजुरांच्या प्रतिनिधींना ७ आणि व्यापार व उद्योगधंदे यांच्या प्रतिनिधींनाही बरोबर ७ दिलेल्या होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या लक्षावधि माणसांचें वजन व गिरण्यांच्या मालकांचें वजन कायद्याच्या तराजूंत सारखें भरलें! मध्यप्रांत व वऱ्हाडच्या ११२ जणांच्या असेंब्लींतही हेंच प्रमाण : मजुरांना दोन, व्यापाराला दोन. सर्वसाधारण मतदारसंघांत मताचा अधिकार लोकसंख्येच्या सुमारें सातव्या हिश्शालाच होता, आणि त्यास मालमत्ता, सारा अथवा शिक्षण यांची अट होती. चाळींत दहाजणांत एक खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराचें नांव त्या यादींत लागण्याची आशा थोडीच. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष, जमनादास मेहता आणि कांहीं मजूर प्रतिनिधि विरोधांत उभे राहिले, परंतु बहुमत सरकारपाशीं होतें व बिल मंजूर झालें. सभागृहाच्या नियमांप्रमाणें तें मतदान चोख होतें, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. प्रश्न सभागृह कसें बनलें होतें याचा आहे.

सभागृहांत हरलेल्या पक्षानें मग सभागृहाबाहेर कौल मागितला. प्रांतिक ट्रेड युनियन काँग्रेस, स्वतंत्र मजूर पक्ष, कम्युनिस्ट आणि गिरणी कामगार युनियन यांनीं ७ नोव्हेंबर हा एक दिवसाच्या संपाचा दिवस ठरविला. आदल्या दिवशीं मुंबईंत जमनादास मेहता यांच्या अध्यक्षतेखालीं जी सभा झाली तिला ऐंशीं हजारांचा समुदाय जमला होता; आंबेडकर, श्रीपाद अमृत डांगे, इंदुलाल याज्ञिक अशीं एरवीं एका व्यासपीठावर न दिसणारीं माणसें तेथें होतीं. दुसऱ्या दिवशीं मुंबईंत संप झाला, परंतु तो सर्वत्र सारखा झाला नाहीं. इलाख्यांतील इतर ठिकाणीं प्रतिसाद कमीअधिक होता, आणि मजूर महाजनाचें वजन असलेलें अहमदाबाद या संपाच्या मागें नव्हतें. गिरण्यांच्या दरवाजांशीं गर्दी, दगडफेक, लाठीमार असे प्रकार होऊन अखेर पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत प्राणहानि झाली. सरकारनें मागाहून चौकशी समिति नेमली. काँग्रेसच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत गिरणगांवांत गोळी चालली, या गोष्टीचा कामगारांच्या मनावर जो परिणाम झाला तो समितीच्या अहवालानें पुसला जाण्याजोगा नव्हता.

दुसऱ्या दिवशींच्या ऑरेगॉनकडे पाहूं. तेथें १९०२ पासून नागरिकांना सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा थेट मतास घालतां येत असे. मसुद्याचा रोख असा होता कीं, मालक व त्याच्या कामगारांचें बहुमत यांमध्यें खरोखर तंटा असेल तरच तो मजूरतंटा समजावा, आणि त्याखेरीज पिकेटिंग व बहिष्कार यांस मनाई असावी. वॉशिंग्टन व कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं आपापले मसुदे फेटाळले. ऑरेगॉनमध्यें मात्र तो बहुमतानें मंजूर झाला. म्हणजे लोकांच्या हातीं प्रत्यक्ष मत दिल्यानें कामगारांचा पक्ष जिंकतोच असें नाहीं. शेतकरी, दुकानदार व शहरांतील मध्यम वर्ग यांस संपाचा उपद्रव जाणवतो, आणि त्यांची संख्या मोठी असते. परंतु गोष्ट तेथें थांबली नाहीं. १९४० सालीं ऑरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा भाषणस्वातंत्र्याशीं विसंगत म्हणून रद्द केला. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही अलाबामाच्या एका खटल्यांत शांततेचें पिकेटिंग हा भाषणस्वातंत्र्याचाच प्रकार असल्याचा निकाल दिला. बहुमताच्या वर एक राज्यघटना होती आणि तींत नागरिकांचे मूलभूत हक्क होते. मुंबईच्या कायद्यास अशी कसोटी लागणें शक्यच नव्हतें. कारण १९३५ च्या कायद्यांत मूलभूत हक्कांचा भाग मुळींच नव्हता.

कायदा झाला; त्यानें संप थांबले काय? मंत्रिमंडळानें नोव्हेंबर १९३९ मध्यें राजीनामा दिला, आणि पुढच्याच मार्चमध्यें महागाई भत्त्यावरून मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. तडजोडीची पायरी चढूनही तंटा मिटला नव्हता. मग युद्धकाळांत सक्तीच्या लवादाची वाट धरण्यांत आली, आणि १९४२ पासून भारत संरक्षण नियमांतील ८१-अ या नियमानें सरकारच्या हातीं संप बंद करण्याची पुरी सत्ता आली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९३८ च्या कायद्याची जागा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें घेतली. मध्यप्रांत-वऱ्हाडानें १९४७ सालीं स्वतःचा औद्योगिक कलह निवारण कायदा केला. सर्वांचा सांगाडा एकच राहिला : आधीं नोटीस, मग तडजोड, मग लवाद, आणि संप शेवटीं, जमल्यास.

१९३८ च्या नोंदणीच्या कलमांचा वारसा तर याहूनही दूर पोंचला. मुंबईच्या पद्धतींत एका धंद्यांत एकच प्रातिनिधिक संघ, आणि तो कोणता हें सभासदांच्या नोंदींवरून निबंधकानें ठरवावयाचें. कामगारांचें गुप्त मतदान घ्यावयाचें नाहीं. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईंतील जो गिरणी संप चालला त्यांत कामगार दत्ता सामंत यांच्या मागें होते आणि कायद्यानें मान्य संघ राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता. वाटाघाटी ज्याच्याशीं करावयाच्या त्याच्या मागें कामगार नाहींत, आणि कामगार ज्याच्या मागें त्याच्याशीं वाटाघाटी करतां येत नाहींत, हा त्या संपांतील पेंच पुष्कळ अंशीं या तरतुदीनें निर्माण केलेला होता. अडीच लाख कामगारांची एकदां मोजदाद केली असती तर तो दहा दिवसांत सुटता कीं नाहीं, हें सांगतां येत नसलें, तरी ती मोजदाद करण्याचा मार्गच कायद्यानें ठेविला नव्हता हें खरें.

१९५० च्या राज्यघटनेनें संघ स्थापण्याचा हक्क दिला. तथापि १९६१ सालीं बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, संघ स्थापण्याच्या हक्कांत संपाचा हक्क अंतर्भूत नाहीं. १९६२ सालीं बिहारच्या कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें शांततेच्या निदर्शनांस संरक्षण दिलें, परंतु संपास दिलें नाहीं. म्हणजे अमेरिकेंत पिकेटिंगास जो आसरा मिळाला तो आपल्याकडे निम्मा मिळाला. आंबेडकर हे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असतांही त्यांचा १९३८ चा सिद्धान्त घटनेच्या शब्दांत उतरला नाहीं, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

या वंशावळीचें एक अलीकडचें पान नागपूरच्या सीवेवरच घडलें. अमरावती रस्त्यावर, मालमोटारींच्या वखारींनीं गजबजलेल्या वाडी गांवास लागून अंबाझरीचा आयुध कारखाना आहे. आयुध कारखान्यांचें कंपन्यांत रूपांतर करण्याचा बेत जाहीर झाल्यावर कामगारांच्या महासंघांनीं जून १९२० च्या नव्हे, तर जून २०२० च्या महिन्यांत देशांतील ४१ कारखान्यांत संपावर मतदान घेतलें. कौल फार मोठ्या बहुमतानें संपाच्या बाजूचा पडला. १२ ऑक्टोबर २०२० पासूनचा संप तडजोडीच्या बोलण्यांनंतर लांबणीवर टाकण्यांत आला. पुढील वर्षीं जून महिन्यांत सरकारनें सात कंपन्या करण्याचा निर्णय केला. महासंघांनीं २६ जुलैपासून संपाची हांक दिली. त्यापूर्वींच ३० जून २०२१ रोजीं संरक्षण सेवांतील संपास मनाई करण्याची सत्ता सरकारला देणारा वटहुकूम निघाला. त्याचें विधेयक लोकसभेनें ३ ऑगस्ट रोजीं व राज्यसभेनें ५ ऑगस्ट रोजीं, गोंधळांत, आवाजी मतानें संमत केलें. बेकायदा संपास एक वर्षापर्यंत कैद, आणि त्यास चिथावणी देणारास दोन वर्षांपर्यंत, अशी त्यांत तरतूद होती. १८५९ चे तीन महिने, १९३८ चे सहा महिने आणि २०२१ चें हें वर्ष यांचा क्रम अभ्यासकानें स्वतः पाहावा.

कारखान्यांत मतें चिठ्ठ्यांनीं मोजलीं गेलीं आणि संसदेंत तीं आवाजानें. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन अंबाझरीचा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेड या नव्या कंपनीकडे गेला. तिचें मुख्य ठाणें नागपुरांतच आहे. संपबंदीच्या त्या कायद्यास एका वर्षाची मुदत घातलेली होती, व ती पुरी होतांच तो आपोआप संपला.